सागवानी देवीचा तीळ

स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून गुन्ह्यांचे नंबर, कलमे, कोर्टातल्या तारखा हळूहळू पुसट होत चालल्या आहेत. एक प्रकरण मात्र पुसट होत नाही. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता, मी कोणावर हातही उगारला नव्हता. तरीही नोकरीत तुमच्या हातून सर्वांत वाईट काय घडले, असे कोणी विचारले तर मी याच प्रकरणाबद्दल सांगेन. यात नावे कोणाचीच देत नाही.

नव्वदीचे दशक संपत आले होते. मी बडोद्याच्या जुन्या शहरातल्या एका ठाण्यात पोलीस निरीक्षक होतो. बाजार खुला झाल्यावर शहरात नवे बंगले, नवी हॉटेले उभी राहू लागली होती आणि त्यांना सजावटीसाठी जुने लाकूड हवे असे. पोळांमधल्या, म्हणजे जुन्या बंदिस्त गल्ल्यांमधल्या घरांचे नक्षीदार खांब, दरवाजे, चित्रे काढलेल्या फळ्या रातोरात नाहीशा होत. त्यामुळे आमच्या ठाण्यात लाकूडचोरीची तक्रार आली की आम्ही लगेच कान टवकारायचो.

फिर्यादी एक निवृत्त मराठी गृहस्थ होते. त्यांचे पूर्वज संस्थानच्या दफ्तरात मोठ्या हुद्द्यावर होते. माझे पूर्वज त्याच संस्थानच्या फौजेत साधे शिपाई. ठाण्यात आल्या आल्या त्यांनी माझ्याशी मराठीतून सुरुवात केली. "साहेब, तुम्ही आपल्यातले, म्हणून सांगतो. आमची देवी बदलली."

त्यांच्या देवघरात सागवानी फळ्यांवर रंगवलेली तीन चित्रे होती. मधल्या फळीवर कुलदेवी आणि दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर चवऱ्या ढाळणाऱ्या दासी. चार-पाच पिढ्यांची ही पूजा. समईच्या काजळीने देवीचा चेहरा इतका काळवंडला होता की नवरात्रात आलेल्या पाहुण्यांना देवी कुठे आहे ते बोटाने दाखवावे लागे. म्हणून त्यांनी मधली फळी घडियाळी पोळातल्या एका वृद्ध कारागिराकडे साफ करायला दिली. बाजूच्या दोन्ही फळ्या घरीच राहिल्या. वीस दिवसांनी फळी परत आली, तेव्हा तिच्यावरची देवी गोरीपान होती, डोळे मोठे होते आणि डाव्या गालावरचा तीळ नव्हता.

"आमच्या देवीच्या गालावर तीळ आहे," फिर्यादी म्हणाले. "माझ्या पणजोबांच्या वेळेपासून आहे. तिळाची देवी म्हणतात आमच्या घराण्यात. ही कोण बाई आणून दिली त्याने?"

बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते अश्रू खरे होते. इतक्या वर्षांनंतरही त्याबद्दल मला शंका नाही. लोक ठाण्यात येऊन खोटे बोलतात, हे तरुण पोलिसाला पहिल्या महिन्यात कळते. लोक ठाण्यात येऊन मनापासून चूक बोलतात, हे कळायला फार वर्षे लागतात.

गुन्हा नोंदवला. दुसऱ्याच दिवशी पाणीगेटला जुने फर्निचर विकणाऱ्या एका माणसाने खबर दिली. हा आमचा नेहमीचा खबरी. त्याचे म्हणणे असे की शहराबाहेरच्या पादरा गावाच्या बाजूने रंगीत देवाची एक फळी गोधडीत गुंडाळून टेम्पोतून गेली आणि ती कुणा म्हाताऱ्या चिताऱ्याकडून आली होती, असे ड्रायव्हर सांगत होता. मला एवढे पुरेसे होते. ती फळी वेगळ्याच घरातली होती आणि चिताऱ्याची गोष्ट ड्रायव्हरने मोल वाढवण्यासाठी रचली होती, हे पुढे उघड झाले. खबर खरी की खोटी यापेक्षा ती आपल्या मनातल्या गोष्टीला किती चपखल बसते, हेच मी तेव्हा पाहिले.

पोळात त्या कारागिराला सगळे चितारा काका म्हणत. सत्तरीचा, बारीक अंगाचा माणूस. बायको वारलेली, घरी एकच मुलगी, ती बालवाडीत शिकवत असे. मराठी घरांची देवचित्रे वाडवडिलांपासून त्यांच्याकडे डागडुजीला येत. त्यामुळे ते आमच्याशी मराठीतच बोलत, फक्त जीव कासावीस झाला की वाक्य गुजरातीत जाई.

घराची झडती घेतली तेव्हा अर्धा पोळ ओट्यावर उभा होता. खारीच्या केसांचे कुंचले, हाडाच्या पट्ट्या, रंगाच्या वाट्या, सगळे पंचनाम्यात लिहून घेतले. कोनाड्यात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता आणि त्यात काळ्या कापसाचे बोळे खच्चून भरलेले होते. जमादाराने विचारले, "साहेब, हा कचरापण घ्यायचा?" मी म्हणालो, सगळे घ्या. रायटरने लिहिले : एक डबा, मळका कापूस, किंमत शून्य.

तो डबा वर ठेवायला सांगताना चितारा काका पहिल्यांदा स्वतःहून बोलले. "त्याला पाय लागू देऊ नका, साहेब. देवीच्या तोंडावरचं आहे." त्या वेळी मला तो कांगावा वाटला.

चार दिवसांची पोलीस कोठडी मिळाली. मी शिवीगाळ केली नाही. चहा दिला, खुर्ची दिली. वरिष्ठांचा फोन दिवसातून दोनदा येत होता आणि एका गुजराती वर्तमानपत्राने 'देवी गायब' असा मथळा दिला होता. तरी मी शांतपणे विचारत होतो आणि त्या शांतपणाचा मला अभिमान होता. फळी कोणाला विकली? नक्कल कधी केली? जुने लाकूड कुठून आणले? प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर येई. "साहेब, आ तो ए ज छे." ही तीच आहे.

"मग तीळ कुठे गेला, काका?"

"तीळ नव्हताच. मळ होता."

"चार पिढ्या मळाची पूजा करत होत्या?"

यावर ते गप्प बसत. मला वाटे, अडकले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी सहज आवाजात म्हणालो की आता मुलीलाही जबाबासाठी बोलवावे लागेल, बालवाडीतूनच आणू, म्हणजे तिला घरून यायचा त्रास नको. एवढेच. आवाज चढवला नाही, टेबलावर हात आपटला नाही. त्यांनी समोरचा चहा बाजूला सरकवला. मग म्हणाले, "लखो साहेब, जे लखवुं होय ते." लिहा, जे लिहायचे असेल ते.

आणि मी लिहून घेतले. नक्कल केल्याचे, मूळ फळी पादऱ्याच्या एका दुकानदाराला दिल्याचे. दुकानदाराचा उल्लेख आधी माझ्या प्रश्नात आला होता, त्यांच्या उत्तरात नंतर. कोणताही अनुभवी अधिकारी हा फरक ओळखतो. मीही ओळखला होता.

दुसऱ्या दिवशी दुकान दाखवण्यासाठी त्यांना जीपमधून पादऱ्याला नेले. पुढे ड्रायव्हर आणि मी, मागे जमादार, दोन पंच आणि चितारा काका. गावात शिरताना त्यांनी पुढे वाकून माझ्या खांद्यामागून हळूच विचारले, "साहेब, कई दुकान बतावुं?"

कोणते दुकान दाखवू?

जीप जुनी होती, इंजिनचा आवाज मोठा होता. मी समोर रस्त्याकडे पाहत राहिलो. ऐकू आले नाही असा चेहरा केला. थोड्या वेळाने त्यांनी उजवीकडच्या एका दुकानाकडे बोट केले. ते बियाणे आणि खतांचे दुकान होते. दुकानदार हातातली पावती तशीच धरून आम्हा सगळ्यांकडे पाहत राहिला. फळी सापडली नाही. केस डायरीत मी लिहिले की आरोपीने स्वखुशीने दुकान दाखवले, मात्र मुद्देमाल पुढे हलवण्यात आल्याचे दिसते.

त्यांची रवानगी तुरुंगात झाली. जामिनाचा अर्ज दोनदा फेटाळला गेला, दोन्ही वेळा माझ्या अहवालावर.

आरोपपत्रासाठी तज्ज्ञाचा दाखला हवा होता. म्हणून मी शहरातल्या एका कलाशिक्षण संस्थेत जुनी चित्रे जतन करण्याचे शिकवणाऱ्या बाईंकडे गेलो. पन्नाशीच्या, केस घट्ट बांधलेल्या, मराठीच. चित्र नकली आहे असे एका कागदावर लिहून द्या, एवढेच माझे मागणे होते. त्यांनी फळी उलटून पाहिली, चौकटीवरून बोट फिरवले आणि विचारले, "तुम्ही लाकडाला विचारलंत का?"

मला चेष्टा वाटली. पण त्या गंभीर होत्या. सागाच्या झाडात दर वर्षी एक कडे वाढते, त्यांनी सांगितले. चांगल्या पावसाच्या वर्षी रुंद, दुष्काळी वर्षी अरुंद. जाड, बारीक कड्यांचा हा क्रम प्रत्येक झाडाचा आपला असतो. एकाच ओंडक्यातून कापलेल्या दोन फळ्यांमध्ये तो क्रम जुळतो.

"म्हणजे आमचे बोटांचे ठसे," मी म्हणालो.

"तसंच समजा. बाजूच्या दोन फळ्या घराबाहेर गेल्याच नव्हत्या ना? मग त्या तुमच्या साक्षीदार. मधली त्यांच्याच झाडाची निघाली तर फळी बदललेली नाही."

अडचण अशी की कडी दिसायची ती फळीच्या टोकाला, आणि तिन्ही फळ्यांच्या टोकांवर कापड व खडूचा लेप होता, वरून खिळे ठोकलेली चौकट. कापायला फिर्यादी तयार होणे शक्यच नव्हते. देवीला करवत लावायची? तेव्हा बाई म्हणाल्या की बाहेरदेशी असे लाकूड एक्स-रेने तपासतात. माणसाच्या डोक्याचे काप जसे न कापता सीटी स्कॅनमध्ये दिसतात, तसेच लाकडाचे दिसतात.

शहरात तेव्हा खासगी स्कॅन सेंटरे नुकती निघू लागली होती. बाईंच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी रविवारी सकाळी यंत्र मोकळे ठेवण्याचे कबूल केले. फिर्यादींनी बरेच आढेवेढे घेतले. शेवटी त्यांची पत्नी म्हणाली, "आपली नसेल तर यंत्राला काय घाबरायचं? आणि आपली असेल तर मग आपणच घाबरायला हवं." या वहिनी फारसे बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या.

रविवारी तिन्ही फळ्या रेशमी वस्त्रात गुंडाळून आल्या. वहिनींनी सगळ्यांना चपला बाहेर काढायला लावल्या, डॉक्टरांनाही. संगणकापाशी बसलेला तंत्रज्ञ अडून बसला. नाव आणि वय भरल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही.

"पेशंटचं नाव काय लिहू?"

"देवी लिहा," वहिनी म्हणाल्या.

"आणि वय?"

"अहो, तेच काढायला आणलीय ना तिला."

पुढच्या रकान्यात दोनच आकडे बसत होते, म्हणून त्याने नव्व्याण्णव घातले. बाई हसल्या, डॉक्टर हसले, फिर्यादीसुद्धा जरा हसले. मी हसू शकलो नाही.

पडद्यावर पहिला काप उमटला आणि मी खुर्ची पुढे ओढली. राखाडी पट्टीत कमानीसारख्या रेघा, एकीपुढे एक. खिळ्यांच्या जागी पांढरे फराटे फुटले होते, पण मधला भाग स्वच्छ होता. डॉक्टरांनी फिल्म छापून दिल्या. बाईंनी त्या काचेच्या दिव्यावर लावल्या, त्यावर बटर पेपरच्या पट्ट्या धरून पेन्सिलीने एकेक कडे उतरवले. यात तास-दीड तास गेला. मग त्यांनी डाव्या दासीची पट्टी देवीच्या पट्टीवर ठेवली आणि हळूहळू सरकवू लागल्या. रेघा जुळत नव्हत्या, जुळत नव्हत्या आणि मग एका जागी पट्टी थांबली. दोन रुंद, चार अगदी बारीक, एक रुंद, पुन्हा तीन बारीक. पुढे तीसेक कडी, एकही चुकले नाही. उजव्या दासीच्या पट्टीचेही तसेच झाले.

"एकाच झाडाच्या," बाई म्हणाल्या. "एकाच ओंडक्याच्या, शेजारशेजारच्या फळ्या असाव्यात."

फिर्यादी म्हणाले, "लाकूड तेच ठेवून चित्र खरवडलं असेल. वर नवीन काढलं असेल." शंका रास्त होती. डॉक्टरांनी मधल्या फळीचा साधा एक्स-रे काढला. जुन्या पांढऱ्या रंगात शिसे असते, ते एक्स-रेत उजळ दिसते. फिल्मवर एकच चेहरा आला, खाली दुसरा नव्हता, आणि त्या चेहऱ्यावरून जुन्या तड्यांचे जाळे अखंड गेले होते. दोन-चार महिन्यांपूर्वी दिलेल्या रंगाला असे तडे जात नाहीत.

"मग तीळ?" फिर्यादींनी विचारले. आता त्यांच्या आवाजात राग नव्हता.

बाई माझ्याकडे वळल्या. "साफ करताना वापरलेला कापूस होता का त्यांच्याकडे?"

मुद्देमालातला तो बिस्किटांचा डबा मी सोबत आणायला लावला होता. तो उघडला. काजळी आणि जुन्या तेलाचा कुबट वास आला. वहिनी जवळ आल्या, एक बोळा उचलून त्यांनी नाकाशी नेला आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

तो त्यांच्याच घरच्या काजळाचा वास होता. त्यांच्या घरी रीत अशी : अष्टमीला घरातल्या मोठ्या सुनेने देवीच्या डोळ्यांत काजळ घालायचे आणि बोटाला उरलेले गालावर तीट म्हणून लावायचे, तान्ह्या बाळाला लावतात तसे, दृष्ट लागू नये म्हणून.

"सासूबाईंनी मला जागा दाखवली होती," वहिनी म्हणाल्या. "म्हणाल्या, तीळ आहे ना, त्याच्यावरच लाव. मी तीस वर्षं त्याच्यावरच लावत आले. खाली तीळ आहे की नाही, कुणी पाहिलंच नाही."

मी तर मराठी घरातलाच. तीट पुसली गेली नाही तर ती साचत जाते, हे मला समजायला एक्स-रेचे यंत्र लागायला नको होते. माणूस तीन दिवस माझ्यासमोर बसून तेच सांगत होता. मळ होता.

सोमवारी मी कोर्टात अहवाल दिला आणि चितारा काका सुटले. प्रकरण 'सी' समरीत बंद झाले, म्हणजे तक्रार खोटी नव्हती, गैरसमजातून होती. वरिष्ठांनी फोनवर तपासाचे कौतुक केले, नव्या तंत्राचा वापर म्हणून. फिर्यादी पती-पत्नी पोळात जाऊन त्यांच्या पाया पडून आले. वहिनींनी विचारले, आता तीट कुठे लावू? ते म्हणाले, पायाच्या अंगठ्याला लावा आणि दसऱ्याला ओल्या फडक्याने पुसा. तो कापूस त्यांनी वहिनींकडूनच विश्वामित्री नदीत सोडवला. पण मराठी घरांतून त्यांच्याकडे येणारे देव मात्र थांबले. ज्याच्या घरी पोलिसांनी झडती घेतली, त्याच्या हाती देव कोण देणार?

जप्त केलेले सामान परत द्यायला जमादार जाणार होता. मी म्हणालो, मी जातो. चितारा काकांनी ओट्यावर कापड पसरले, एकेक कुंचला उलटा करून केस तपासले, यादीवर खुणा केल्या, सही केली. मुलीने पाण्याचा पेला माझ्यासमोर ठेवला आणि ती आत निघून गेली. माफी मागायची म्हणून मी दोन-तीन वाक्ये मनात जुळवून आणली होती. ती मी म्हणू लागलो, तेव्हा त्यांनी हाताने थांबवले.

"एक विचारू, साहेब? त्या दिवशी पादऱ्याला जाताना जीपमध्ये मी काही विचारलं होतं. ते तुम्हाला ऐकू आलं होतं का?"

नाही म्हणणे सोपे होते. इंजिनचा आवाज मोठा होता, हे त्यांनाही माहीत होते.

"आलं होतं," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला नाही, उलट काहीतरी सैल झाले. "बस. मने एम के मारो अवाज ज नीकळ्यो नहोतो." मला वाटत होतं, माझा आवाजच निघाला नव्हता.

मग त्यांनी कुंचले गुंडाळले आणि आत ठेवायला उठले.

केस डायरीतले 'स्वखुशीने' मी कधी बदलले नाही. आरोपी सुटला आहे, आता जुने कशाला उकरायचे, असे सगळे म्हणाले आणि मी ते ऐकले. तो शब्द तसाच कुठल्या तरी कपाटात पडलेला असेल. म्हणून इथे लिहितो आहे की तो खोटा होता आणि तो मी लिहिला होता.

या प्रकरणाने मला काय शिकवले, हे मोठ्या शब्दांत सांगता येणार नाही. तंत्र आले, यंत्रे आली, पुढे कितीतरी गुन्हे त्यांनी उघडकीला आणले. पण लाकडाने जे सांगितले ते माणसाने आधीच सांगितले होते. त्यानंतरच्या नोकरीत मी एकच सवय लावून घेतली. आरोपीला घेऊन जाताना मागून काही पुटपुटल्याचा भास झाला, तर मी ड्रायव्हरला गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करायला सांगत असे. ड्रायव्हर वैतागत, जमादार हसत. बहुतेक वेळा आरोपीला पाणी हवे असे किंवा विडी. तरीही मी मागे वळून विचारत असे, "काय म्हणालात? परत सांगा."